अपा उठल्या, दिवा बंद

पुरुष मंडळी तालगातला मातीत ठेवून परतली, हात धुऊन जेवायला बसली, आणि मांसाचं ताट अजून पुरतं फिरलंही नव्हतं तोच केंजेबेक काकांनी फर्मान काढलं, "कुलपाशच्या कानावर यातलं अक्षरही जाता कामा नये."

कुलपाश म्हणजे तालगातची आई. आम्ही धाकटे सगळेच त्यांना अपा म्हणतो. अपा तेव्हा राजधानीत, अस्तानाच्या इस्पितळात होत्या, हृदयाची झडप बदलून नुकत्याच शुद्धीवर आलेल्या. निदान महिनाभर कसलाही धक्का नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि इकडे बाल्खाशच्या रस्त्यावर बर्फावरून ट्रक घसरून त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. काकांनी मयत अपांच्या घरून न काढता स्वतःच्या घरून काढली, म्हणजे रडायला येणारी माणसं इकडेच येतील आणि अपांच्या दारात कुणी जाणार नाही. असल्या बंदोबस्तात आमचे काका फार हुशार. जिवंत माणसाशी कसं वागावं तेवढं त्यांना कधी सुचत नाही.

"डॉक्टर हो म्हणाले की आपण वडीलधारे सगळे मिळून जाऊ आणि रीतीप्रमाणे सांगू," काका म्हणाले. "तोवर तालगात माल घेऊन चीनच्या सरहद्दीवर गेलाय. तिकडं फोन लागत नाही. समजलं सगळ्यांना?"

आमच्यात मेल्याची बातमी कुणी उठून फटकन सांगत नाही. त्याला वयानं मोठी माणसं लागतात, बैठक लागते, आडून आडून जाणारी वाक्यं लागतात. रीत वाईट नाही, माझ्या वडिलांच्या वेळी मी तिच्याच आधारानं उभी राहिले. पण रीतीचा दिवस उजाडेपर्यंत घरातल्या बाईनं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

ती बाई म्हणजे अकमारल, तालगातची बायको. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, मूलबाळ नव्हतं. ती दारापाशी मांडी घालून बसली होती.

"सूनबाई," काका तिला म्हणाले, "तो काळा रुमाल काढून ठेव. कुलपाशसमोर रडायचं नाही. तोंड हसरं ठेवायचं."

"बरं."

"आणि त्याच्या खोलीत दिवा ठेवायचा नाही."

इतका वेळ खाली घातलेली मान तिनं वर केली. "दिवा नाही?"

"अगं, चाळीस दिवस रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर कुलपाशला कळायचं राहील का? ती काय दुधखुळी आहे?"

"काका, चाळीस दिवस त्यांचा जीव घरी येत राहणार," अकमारल म्हणाली. "अंधारात येऊ द्यायचं त्याला? मी रडणार नाही. हसेन, चहा ओतेन, तुम्ही म्हणाल ते करीन. पण दिवा राहू द्या. एवढं एकच मागते मी."

आत्या नाक पुसत राहिल्या. मग काकांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली, आणि मी मनात म्हटलं, झालं.

"झाउरेश, तुझं ते यंत्र यातून काही वाट काढील का?"

मी तालगातची चुलत बहीण, म्हणजे अकमारलची चुलत नणंद. कारागांदीत लोकांच्या घरातले दिवे, पडदे, कुलपं फोनवर चालतील अशी जोडून देणं हा माझा धंदा. गेल्या शरदात तालगातनं आईसाठी घरात फिरणारा एक रोबो आणला होता. भोपळ्याएवढा, गोल, चाकांवर चालणारा, तळल्यासारख्या रंगाचा. अपांनी बघताक्षणी त्याचं नाव बाउरसाक ठेवलं. चहाबरोबर आम्ही तळलेल्या पिठाचे गोळे खातो, ते बाउरसाक. त्याला फक्त रशियन येत होतं, मी त्याला आमची कझाक शिकवली. अपा उठून चालायला लागल्या की तो पुढं पुढं सरकत दिवे लावायचा, म्हणजे त्या ठेचकाळू नयेत.

"काढील की," मी म्हटलं. नाही म्हणून सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गावाच्या माइकुदुक भागातल्या त्यांच्या घरी गेले. बैठं घर. पुढच्या खोलीत अपांची खाट, मधे बोळ, आणि बोळापलीकडं समोरच तालगात-अकमारलची खोली. त्या दाराला वरच्या बाजूला दुधी काच. म्हणजे आत दिवा असला की अपांना खाटेवरून थेट दिसणार. मी खाट हलवून भिंतीकडं तोंड करून लावली. आता पडल्यापडल्या दार दिसत नव्हतं, उठून बसलं तर दिसत होतं.

मग बाउरसाकला बोळात, अपांच्या दाराशी बसवला आणि नियम घातला. अपा खाटेवर आडव्या असल्या की समोरच्या खोलीतला दिवा चालू. अपा उठून बसल्या, की बंद. परत आडव्या झाल्या, की चालू. मी स्वतः खाटेवर पडून पाहिलं, उठून पाहिलं. बोळात अकमारल उभी राहून सांगत होती, "लागला, ताई. विझला. लागला." दहा-बारा वेळा केलं, एकदाही चुकला नाही. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती.

"म्हणजे दिवसातून कितीदा तरी विझणार हा," अकमारल म्हणाली.

"अगं, क्षणभरासाठी. पुन्हा लागतोच ना."

"विझला तो विझलाच, ताई." ती थोडा वेळ काचेकडं बघत राहिली. "पण नसण्यापेक्षा बरा."

मग ती खोलीत गेली. खुर्चीवर तिनं तालगातचा कोट घडी करून ठेवला, त्यावर त्याची टोपी. येणाऱ्या जिवासाठी खिडकीशी पाण्याचा वाडगा आणि धुतलेला टॉवेल ठेवला. माझा यातल्या कशावर विश्वास नाही, पण मी पाय न वाजवता बाहेर आले.

अपा घरी आल्या. लोखंडी चौकटीचा वॉकर धरून चालायच्या, आवाज मात्र पहिल्यासारखाच खणखणीत. आल्या आल्या मला म्हणाल्या, "काय गं, खाट कुणी फिरवली? मला काय आता भिंतीशी गप्पा मारायच्यात?"

"खिडकीतून गार वारं येतं, अपा."

"सत्तर हिवाळे ह्याच वाऱ्यात काढले मी. शहाणी!" मग अकमारलकडं वळून, "आणि आमचा चिरंजीव? आईची छाती फाडून शिवली, आणि हा चीनला गेला?"

अकमारल हसली. खरंच हसली. "त्यांचं तुम्हाला माहीतच आहे, अपा. ट्रक म्हटला की घर विसरतात."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. ती अपांसाठी घोटघोट चहा ओतत होती, दूध पुरतं घालत होती, वाडगा दोन्ही हातांनी पुढं करत होती. मीच उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

ती अपांच्या खाटेशेजारी खाली अंथरूण घालून निजायची. दुपारी अपांचा डोळा लागला की हळूच बोळ ओलांडून खोलीत जायची. तिथं दिव्याखाली बसून त्याच्याशी कुजबुजायची. आज अपांनी अमुक खाल्लं, आज शेजारणीनं दही आणून दिलं, असलंच. तिथंच थोडं रडून घ्यायची आणि तोंड धुऊन परत यायची. एवढीच काय ती तिची मोकळीक.

पण अपांना झोप कुठली? शस्त्रक्रिया झालेलं माणूस डोळे मिटून पडतं, झोपत नाही. एके दिवशी त्यांचा मला फोन आला, "ये जरा. तुझ्या त्या गोळ्याला काहीतरी झालंय." मी धावत गेले. अकमारल दुकानात गेली होती. अपा उशीला टेकून बसल्या होत्या.

"हे यंत्र खोटं बोलतं का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही, अपा. त्याला सांगावं तेवढंच ते करतं."

"मग मी विचारते तालगातच्या खोलीत कोण आहे, तर ते गप्प का बसतं?"

त्या खोलीबद्दल अपांना काही सांगू नकोस, असं मीच त्याला घालून दिलं होतं. "बिघडलं असेल. बघते मी."

"बिघडलंय ते दुसरंच काहीतरी," अपा म्हणाल्या. आवाज एकदम खाली आणला. "ऐक. मी पडले की त्या खोलीत दिवा लागतो. दाराखालच्या फटीतून उजेड बोळात येतो, भिंतीवर दिसतो. मी उठले की विझतो. पडून बघितलं, उठून बघितलं, पाच-सहा वेळा. आणि आत बोलणं चालतं. हिचा आवाज ओळखते मी. दुसऱ्याचा अजून ऐकू आला नाही."

फट! दुधी काचेच्या नादात ती दाराखालची फट माझ्या ध्यानातच आली नव्हती. हात दाखवून अवलक्षण ते असं.

"दुसऱ्याचा म्हणजे?"

"लहान आहेस का तू? नवरा परदेशी, सासू खाटेवर. सून आत दिवा लावते, सासूची चाहूल लागली की विझवते. काय समजायचं मी?"

"अपा, काहीतरीच काय बोलताय!"

"काहीतरीच असेल तर सोन्याहून पिवळं. पण मी शुक्रवारी केंजेबेकला बोलावलंय. चार माणसांसमोर विचारीन तिला. माझ्या मुलाच्या घरात असलं खपवून घेणार नाही."

मी बाहेर पडले ती थेट काकांकडं. त्यांना सगळं सांगितलं, म्हटलं, आजच्या आज चला आणि सांगून टाका, नाहीतर त्या पोरीच्या अंगावर भलतंच शेकेल. काका दाढी कुरवाळत बसले.

"डॉक्टर शुक्रवारी सकाळी तपासणार आहेत. ते हो म्हणाले की शुक्रवारीच जाऊ. शुक्रवार चांगला असतो."

"आणि तोवर त्यांनी अकमारलला काही बोललं तर?"

"सून आहे ती. दोन शब्द ऐकून घेईल."

मी काय बोलले ते इथं सांगत नाही. मोठ्या माणसाला तसं बोलू नये, पण बोलले. मग अकमारलला फोन केला. दिवा बंदच करून टाकते म्हटलं. ती एकदम म्हणाली, "नको, ताई, नको. चाळीस पुरे व्हायचेत." अपांच्या मनात काय आहे, तेही सांगितलं मी तिला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शुक्रवारी सांगणारच आहेत ना? मग कळेलच त्यांना."

शुक्रवारी डॉक्टरांनी हो म्हटलं. दिवस मावळायच्या सुमाराला काका, दोन वृद्ध चुलते, आत्या आणि मी, असे सगळे गेलो. अपांना खुर्चीत मानानं बसवलेलं. अकमारलनं चादर अंथरली, चहा मांडला. तिच्या ओढणीखाली काळा रुमाल आधीच बांधलेला मला दिसला, आता बातमी सांगितली की वरची ओढणी काढायची, एवढंच बाकी होतं. काकांनी घसा खाकरला.

"कुलपाश, या दुनियेत..."

"आधी मला बोलू दे," अपा म्हणाल्या. "मी बोलावलंय तुम्हाला."

आणि आमचे काका थांबले! बाई वयानं मोठी, तिचं घर, तिची बैठक. तिला तोडायचं कसं? या एका शिष्टाचारानं घात केला. मी उठायला लागले तर आत्यांनी मनगट धरून खाली बसवलं.

"ह्या सुनेनं माझ्या मुलाच्या पाठीमागे घरात यार ठेवलाय," अपा म्हणाल्या. "त्याच्याच खोलीत. त्याच्याच पलंगावर. मी आजारी पडले म्हणून मेले असं समजली ही."

अकमारलच्या हातात चहाची किटली होती. ती तिनं सावकाश खाली ठेवली. काकांकडं बघत होती ती, आणि काका वाडग्यात बघत होते.

"अपा, गप्प बसा!" मी ओरडले.

"तूच गप्प. तुझ्या यंत्रानं सामील होऊन झाकलंय हे. चला, दाखवते." वॉकर धरून त्या उठल्या आणि बोळाकडं निघाल्या. समोरच्या दाराच्या काचेतला उजेड पटकन गेला. खरं तर अपा खाटेवरून उठून खुर्चीत बसल्या तेव्हाच तो जायला हवा होता, पण माणसांच्या गर्दीत बाउरसाकला त्या दिसल्या नसाव्यात. विझताना सगळ्यांना दिसला.

"बघा! बघितलंत? विझवला!" अपांचा आवाज चढला. दार ढकलून त्या अंधारात उभ्या राहिल्या आणि वॉकर जमिनीवर आपटला. "ये बाहेर, हरामखोरा! माझ्या मुलाच्या खोलीत लपून बसतोस? ये बाहेर आणि तोंड दाखव!"

अकमारल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती. अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाउरसाक, दिवा लाव."

दिवा लागला. खुर्चीवर कोट, कोटावर टोपी. वाडग्यातलं पाणी, घडीचा टॉवेल. आमच्यातल्या कुठल्याही म्हातारीला यापुढं एक शब्दही सांगावा लागत नाही.

अपा बराच वेळ टोपीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "केव्हा?"

"तुम्ही इस्पितळात होता तेव्हा," अकमारल म्हणाली. "बर्फावर."

आणि मग, खरं वाटणार नाही, पण केंजेबेक काका बोळात येऊन उभे राहिले आणि त्यांनी पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. या दुनियेत कुठलं झाड उन्मळलं नाही, कुठल्या तंबूची काठी मोडली नाही. शेवटपर्यंत बोलले. कुणीही ऐकत नव्हतं.

अपांचं हृदय टिकलं. एवढा सगळा बंदोबस्त ज्याच्यासाठी केला, ते हृदय आपलं ठणठणीत चालत राहिलं. त्या जमिनीवर बसल्या आणि आधी काका-चुलत्यांना म्हणाल्या, "तुम्ही मला बोलू दिलंत. चहा पीत बसलात आणि मला बोलू दिलंत." मग अकमारलला जवळ ओढून तिच्या वरच्या ओढणीची गाठ स्वतः सोडली, तिला छातीशी धरून रडल्या, तिची माफी मागितली, हात धरून मागितली. सासूनं सुनेची अशी माफी मागितलेली मी जन्मात पाहिली नाही. अकमारल "असू दे, अपा, असू दे" म्हणत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी मी नियम काढून टाकायला गेले. आता दिवा अखंड जळणार होता, लपवाछपवीचं कारण नव्हतं. घर माणसांनी भरलेलं, बायका सूर लावून रडत होत्या. अकमारलनं मला खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"ताई, ते इथंच होते ना काल?"

"कोण?"

"ते. अपा बोलल्या तेव्हा. ह्याच खोलीत, अंधारात." तिचे ओठ कोरडे पडले होते. "दिवा विझलेला. आत कुणी नाही, हे त्यांना दिसणार कसं? नुसतं ऐकू आलं असेल."

"अगं वेडे, मेलेल्या माणसाला..."

"आईनं म्हटलंय म्हटल्यावर मुलगा खरंच मानणार, ताई. मी काल संध्याकाळपासून सांगतेय त्यांना. पण मी काय, मी नाहीच म्हणणार. माझ्या बोलण्याला किंमत किती?"

मी तिला जवळ घेतलं. समजावलं, रागावले, तालगात असा नव्हता म्हटलं. ती मान डोलावत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही पोचलं नव्हतं.

"तुमचं यंत्र खोटं बोलत नाही, असं तुम्ही अपांना सांगितलंत ना? अपाच म्हणाल्या मला." ती म्हणाली. "सारखं दारात बसलं होतं ते. कोण आलं, कोण गेलं, त्यानं बघितलंय. त्याला सांगायला लावा. चाळीस पुरे होईपर्यंत रोज."

मी लॅपटॉप उघडला आणि लिहिलं. सोपं काम होतं, पोरखेळ. तरी दोन ओळी लिहायला मला कितीतरी वेळ लागला, कारण पडद्यावरचं दिसतच नव्हतं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाउरसाक बोळ ओलांडून त्या खोलीत जातो, कोट ठेवलेल्या खुर्चीसमोर थांबतो आणि बोलतो, "मी दारात होतो. या खोलीत परका माणूस कधीच आला नाही. अकमारल एकटी यायची." अपांची खाट मी पुन्हा जागेवर आणून लावली आहे. दोन्ही दारं उघडी असतात. बंद करू का म्हणून मी एकदा विचारलं, तर अपांनी हातानंच नको म्हटलं. यंत्राचं बोलून झालं, की त्या खाटेवरून, त्या शुक्रवारपर्यंत ज्या खणखणीत आवाजात सगळ्या घराला हाका मारायच्या त्याच आवाजात, समोरच्या खोलीला म्हणतात, "ते खरं बोलतंय रे, पोरा. मीच खोटं बोलले."

अकमारल मधे बोळात उभी असते. ती अपांकडं बघत नाही. थोडा वेळ थांबते, काही ऐकू येतंय का याचा कानोसा घेते, आणि मग चहाचं पाणी ठेवायला स्वयंपाकघरात जाते.